के-१०००चं मीटर बंद पडलं म्हणून कॅमेरा भंगारात देऊ नका

दादा, मामांच्या परभणीच्या स्टुडिओतला पेंटॅक्स के-१००० हा फिल्म कॅमेरा, सेलच्या खणात हिरवट थर, उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलत नाही आणि दुकानदार म्हणतो भंगारात द्या. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. माझ्या के-१०००चं अगदी हेच झालं होतं.

तुम्ही लिहिलंय की शटर सगळ्या स्पीडला वाजतंय. मग कॅमेरा जिवंत आहे. यात सेल लागतो तो फक्त मीटरला, शटर स्प्रिंगवर चालतं.

माझं खरं नुकसान केलं ते एका मोठ्या शहरातल्या दुरुस्ती केंद्रानं. कॅमेरा दिला होता मागच्या झाकणाचे, उजेड आत येऊ न देणारे फोमचे सील बदलायला, मीटर तेव्हा ठणठणीत होतं. त्यांनी अख्खा उन्हाळा तो फळीवर ठेवला, आत अल्कलाइन सेल तसाच. फोन केला की "साहेब बाहेर गेलेत", नाहीतर "पार्ट यायचाय". पावसाळ्यात कॅमेरा परत आला तेव्हा सेल गळलेला, सुई मेलेली, आणि सोबत चिठ्ठी: मीटर निकामी, दुरुस्ती अशक्य. तळाच्या स्क्रूंच्या खाचांत जुना मळ तसाच होता, म्हणजे तळाची पट्टी उघडून कुणी पाहिलंही नव्हतं. वर तपासणीचे पैसे घेतले. तो राग अजून जात नाही. म्हणून सांगतो, कॅमेरा कुणाच्याही हाती देताना सेल आधी काढून खिशात ठेवा.

मीटर मेलेलं नव्हतंच. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि वायरच्या प्लास्टिकखालून आत चढत जातं. खण घासून लख्ख केला तरी वायर आतून काळी-हिरवी पडलेली, वीज पुढे जाणार कुठून? आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी तळाची पट्टी काढून ती छोटी वायर बदलली, नवी सोल्डर केली आणि सुई उठली.

मी मेकॅनिक नाही, जे केलं ते बघून सांगतोय. खण साफ करताना कानकाडीला पांढरं व्हिनेगर जेमतेम लावा, कॅमेऱ्याचा तळ जमिनीकडे ठेवून खालून फिरवा, म्हणजे थेंब आत उतरणार नाही. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. वरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका.

अल्कलाइनचा एलआर४४ सेल बसतो, पण माझं ठाम मत त्याच मापाच्या सिल्व्हर ऑक्साइडच्या एसआर४४चंच. सिल्व्हर ऑक्साइडचा १.५५ व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ टिकतो आणि तो गळतोही कमी. या मॉडेलला मीटर बंद करायचं बटण नाही. काम झालं की लेन्सवर टोपी लावा, नाहीतर उजेडात सेल उतरत राहतो. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढूनच ठेवा. आणि मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डिकीत अजिबात नको. आपल्याकडच्या उन्हात फोमचा डांबरासारखा चिकटा होतो.

चाचांसारखं कुणी मिळेपर्यंत थांबू नका. मीटरशिवायही फोटो निघतात: आयएसओ ४००चा रोल भरा, भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर १/५०० सेकंद. वेरूळला कैलासच्या चौकात उन्हात हे चालतं, सावलीत शिरलात की छिद्र तीन स्टॉप तरी उघडा (दर स्टॉपला उजेड दुप्पट). रंगीत निगेटिव्ह थोडा जास्तीचा उजेड सोसते, कमी पडलेला नाही.

पट्टी उघडलीत तर त्या वायरचा फोटो टाका, बघून सांगतो.