स्पेक्ट्रम प्लससाठी कंपायलर कोणता घ्यावा?
पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) तुम्हाला चालू मिळालाय, म्हणजे निम्मं काम झालं. कंपायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) मात्र त्या मशीनवर चढवू नका. त्याच्या ४८ केबी मेमरीत कंपायलर, तुमचा सोर्स कोड आणि तयार प्रोग्राम, सगळंच कोंबावं लागतं. सी भाषा येत असेल तर लॅपटॉपवर झेड८८डीके हा कंपायलर घ्या. नुसतं बेसिक येत असेल तर बोरिएलचं झेडएक्स बेसिक. दोन्ही फुकट.

नवखे हमखास इथे अडकतात:

- सीमधला इंट (पूर्णांक) इथे १६ बिटांचा. ३२७६७ ओलांडलं की आकडा उणे. फ्लोट (दशांश संख्या) तर सुरुवातीला नकोच, फार मंद.
- कंपायलरने दिलेली टॅप फाइल (कॅसेटची डिजिटल नक्कल) आधी लॅपटॉपवर फ्यूज एम्युलेटरमध्ये (स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवा, मग तिची वेव्ह (आवाजाची) फाइल करून फोनवरून स्पेक्ट्रमच्या ईअर सॉकेटला द्या. ‘आर टेप लोडिंग एरर’ आला तर कोडला शिव्या घालू नका, फोनचा आवाज वाढवा.

असेंब्ली (थेट प्रोसेसरच्या सूचनांची भाषा) नंतर बघू.