ढाळज म्हणजे उंबरा नव्हे

प्रश्न : पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात दारातून आत आल्याबरोबरच्या जागेला मोठी माणसं ‘ढाळज’ म्हणतात. ढाळज, ओसरी, देवडी एकच का? आणि ‘दुकान वाढवलं’ म्हणजे बंद केलं, ते कसं?

उत्तर : तिन्ही वेगळ्या. ओसरी चौकाच्या कडेला, खांबांवर उभी आणि चौकाच्या अंगाने उघडी. ढाळज तिच्या अलीकडे, थोरल्या दाराला लागून. मधून जायची वाट, बाजूला गुडघाभर उंचीचे ओटे, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. वाट बहुधा वळून चौकात उतरते, म्हणजे रस्त्यावरून आतलं दिसत नाही. ज्याचं काम बाहेरच्या बाहेर उरकतं, तो या ओट्यावरच टेकतो. देवडी ही पहारेकऱ्यांची जागा, किल्ल्याच्या नाहीतर गढीच्या दरवाजातली. व्यापाऱ्याच्या घरात तो शब्द मला पटत नाही.

ढाळज आली फारसी ‘दहलीज’वरून. तिथे अर्थ होता बाहेरचं दार आणि घर यांच्यामधली जागा. हिंदीत तो आक्रसून उंबऱ्यापुरता उरला. लातूर-धाराशिवकडच्या बोलीत जुना अर्थ शाबूत आहे. म्हणून कोणी ‘ढाळज ओलांडली’ लिहिलं की खटकतं. ओलांडायचा तो उंबरा, ढाळजेत बसायचं असतं. शब्द स्त्रीलिंगी, ‘वाट’सारखा चालवावा : ती ढाळज, त्या ढाळजा, ढाळजेत. ‘ढेलज’ही म्हणतात, तेही बरोबरच.

आता दुकान. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणायचं, नारळ फोडला तरी ‘वाढवला’. चालत्या धंद्याला ‘बंद’ हा शब्द लागू नये म्हणून रोज रात्री दुकानही वाढवायचं. सकाळी मात्र सरळ ‘फळ्या काढल्या’.

या फळ्या म्हणजेच जुन्या दुकानाचं दार, त्या चौकटीच्या खाचांत उभ्या बसतात. वरची खाच खोल, खालची उथळ. फळी आधी वर सारायची, मग खाली सोडायची. सगळ्या लागल्या की वरून आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. फळ्यांवर आकडे घातलेले असतात, कारण हाताने घडलेल्या फळ्यांची रुंदी सारखी नसते आणि प्रत्येकीची खाचेतली जागा ठरलेली. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि शेवटची फळी अडते. लगेच रंधा मारू नये. उन्हाळ्यात तिथेच फट पडते.