लिपी नाही म्हणून सभ्यता नाही?

प्रश्न : आमच्या वाचकगटात वाद झाला. एका सदस्यांचं म्हणणं, ज्या समाजाला लिपी नाही त्याला फार तर चालीरीती असतात, सभ्यता नसते. कुणालाच उत्तर सुचेना. सर, तुम्ही काय म्हणाल?

उत्तर : तुमच्या सदस्यांनी हे मनचं काढलेलं नाही. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९५० साली नागर समाज ओळखण्याच्या दहा खुणा मांडल्या. मोठी वस्ती, कर, भव्य वास्तू, पूर्णवेळ कारागीर वगैरे. लिपी त्यातलीच एक. त्यांच्यासमोर होते इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू आणि मध्य अमेरिकेतले माया. आता या यादीत इंका बसवून बघा.

अँडीज पर्वतात हजारो किलोमीटर पसरलेलं राज्य. रस्ते, कोठारं, शिरगणती, सगळं जागच्या जागी. अक्षर मात्र एक नाही. हिशेब दोऱ्यांच्या गाठींत, त्याला किपू म्हणतात. एका जाड दोरीला बारीक दोऱ्या लोंबत्या बांधायच्या. त्या प्रत्येक दोरीवर तळाशी एकक, त्याच्या वर दशक, आणखी वर शतक. २४३ लिहायचे तर वर दोन साध्या गाठी, मध्ये चार आणि तळाशी एकच लांब गाठ, तिला तीन वेढे. शून्य असेल तर ती जागा मोकळी सोडायची. म्हणजे स्थानिक किंमत आणि शून्य दोन्ही आले, तेही बोटांनी चाचपून वाचता येईल असे!

आणि ज्यांना लिपी होती त्यांनी सुरुवातीला लिहिलं तरी काय? मेसोपोटेमियातल्या उरुक शहरातल्या सर्वांत जुन्या मातीच्या पाट्या पाहा. धान्य किती, मेंढ्या किती, बिअर कुणाला किती, बहुतेक सगळा हाच मजकूर. काव्य आलं ते कितीतरी शतकांनी. मग बार्लीचा हिशेब मातीवर टोचला की सभ्यता आणि मक्याचा दोरीत गाठवला की चालीरीत, हा न्याय कुठला? तुमच्या सदस्यांना एवढंच विचारा.

यादी उलट्या बाजूनेही अडते. सिंधू शहरांत झाकलेली गटारं आहेत, ठरावीक वजनमापं आहेत, अजून न उलगडलेली लिपीही आहे. पण हा राजवाडा, असं खात्रीने बोट ठेवावं अशी वास्तू काही हाती लागलेली नाही. म्हणून त्यांचे गुण कापायचे का? मला विचाराल तर समाजांना असे पास-नापास करण्यात अर्थ नाही. हिशेब कोण ठेवत होतं आणि कुणाच्या कष्टांचा ठेवत होतं, हे शोधावं. त्यातून जास्त कळतं.

प्रश्न : संस्कृतींनाही माणसासारखं म्हातारपण येतं का?

उत्तर : जर्मन विचारवंत ओस्वाल्ड स्पेंग्लर यांना तसं वाटे. त्यांच्या ‘पाश्चात्त्य जगाचा ऱ्हास’ या ग्रंथाचा पहिला खंड १९१८ साली निघाला, जर्मनी युद्ध हरली त्याच वर्षी, आणि हातोहात खपला. निराश वाचकांना असली भाकितं गोड लागतात. पण माया लोकांचं उदाहरण घ्या. दक्षिणेकडची त्यांची मोठी शहरं नवव्या शतकात ओस पडत गेली, राजांचे दिनांकित शिलास्तंभ इ.स. ९०९ नंतर मिळत नाहीत. संपली ती त्या राजांची सद्दी. माया कुळातल्या भाषा आजही लाखो लोक बोलतात.