रबराखाली फुगे का येतात?

प्रश्न : टेबल टेनिसच्या बॅटला नवं रबर लावलं, पण मधे फुगे आले आणि कडाही सुटल्या. काय चुकलं?

उत्तर : बहुधा घाई. पाण्यावर आधारित गोंद आधी दुधासारखा पांढरा दिसतो. तो पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय जोडू नका. ओलावा आत अडकला की फुगे आलेच. रबराच्या खालच्या बाजूच्या स्पंजवर सुमारे ४ मिली गोंद पातळ पसरा. स्पंज गोंद पितो, म्हणून वाळल्यावर दुसरा हात द्या, कडांवर विशेषतः. लाकडावर एकच. मग मुठीकडून वर, रबर न ताणता लाटण्याने हलकेच बसवा. ताणलेलं रबर आकसतं आणि कडा सोडतं. सॉल्व्हंटचा, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या रसायनाचा, जुना गोंद नको. स्पर्धांत २००८पासून बंदी आहे.