चेनसॉची साखळी सारखी बोथट होते. कोल्हापुरात झाडं छाटायच्या धंद्यात पूर्णवेळ उतरावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जुना चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं साखळीचं मशीन, घेतलाय, दुकानातून धार लावून आणली तरी दुसऱ्या दिवशी साखळी लाकडात शिरत नाही, ही एक. आणि झाडं छाटण्या-उतरवण्याचं काम पूर्णवेळ धरावं का, ही दुसरी. मी कोल्हापुरात हेच काम करतो आणि माझ्या मते दोन्हीचं उत्तर एकच आहे. ज्याला आपल्या हाताने साखळीला धार लावता येते आणि रोज लावायचा कंटाळा येत नाही, त्याने या धंद्यात खुशाल यावं. चढणं, दोर टाकणं, गिऱ्हाइकाशी बोलणं हे हळूहळू अंगवळणी पडतं.

धार लाकडाने जाते त्यापेक्षा मातीने जास्त जाते. आडव्या पडलेल्या ओंडक्याचा काप संपवताना बारचं, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीचं, टोक जमिनीला नुसतं टेकलं तरी सगळे दात गेले. म्हणून ओंडका पाऊण जाडीपर्यंत कापायचा, लोळवायचा आणि राहिलेला हिस्सा परत वरून कापायचा. दुसरं कारण म्हणजे रस्त्याकडेची झाडं. त्यांच्या सालीत वर्षानुवर्षांची धूळ मुरलेली असते आणि आत क्लासच्या पाट्यांचे खिळे, मांडवाच्या तारा, कधी तर रोप लहान असताना लावलेला आणि नंतर कुणी न काढलेला अख्खा लोखंडी ट्री गार्ड असतो. झाड तो गिळून टाकतं, बाहेरून काही कळत नाही. बुंध्याला मशीन लावण्याआधी साल कोयत्याने तासून घ्या, हात फिरवून बघा. कापात निळसर काळा डाग दिसला तर तिथंच थांबा, आत लोखंड आहे.

आता धार लावणं. दुकानातल्या ग्राइंडरवर लावलेली धार वाईट नसते, पण घाई केली तर दात तापून निळे पडतात आणि मग त्यांच्यावर कानस चालत नाही, नुसती घसरते. त्यापेक्षा कानशीने स्वतः लावा. आधी साखळीचा पिच, म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप, बघा. तो दातावर किंवा बारवर कोरलेला असतो. ०.३२५ इंचाच्या साखळीला ४.८ मिमीची गोल कानस लागते, ३/८ च्या मोठ्या साखळीला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिमीची आणि लहान मशीनवर येणाऱ्या ३/८ लो प्रोफाइलला, म्हणजे कमी उंचीच्या साखळीला, ४ मिमीची. चुकीच्या जाडीच्या कानशीने कितीही घासलं तरी दाताचा आकार बिघडतो, धार येत नाही.

बार व्हाइसमध्ये पकडा. साइटवर असाल तर ओंडक्यात खाच पाडून तीत बसवा. साखळी जरा घट्ट करा, म्हणजे दात डुलणार नाही. सगळ्यात झिजलेला दात शोधा आणि त्याच्यावर मार्करने खूण करा. सुरुवात तिथून, आणि बाकीचे सगळे दात त्याच्या लांबीला आणायचे. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने चालवायची. परत आणताना उचलून आणायची, घासत नाही. कोन साधारण ३० अंशांचा. बऱ्याच साखळ्यांच्या दातावर त्याची बारीक रेघ असते, कानस तिला समांतर धरा. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसायला हवा. दोन-तीन घाव पुरतात, पण प्रत्येक दाताला सारखे. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी घ्या. एका बाजूचे दात मोठे राहिले तर काप सरळ जात नाही, वळत जातो, आणि माणूस बारला दोष देत बसतो.

झालेली धार उन्हात बघायची. दाताच्या कडेवर पांढरी चमकती रेघ दिसली तर तो दात अजून बोथट आहे. धारेच्या कडेवर उजेड थांबत नाही, ती काळीच दिसते. कापताना भुसा बघा. जाड ढलप्या उडाल्या तर साखळी चांगली, पिठासारखी पूड पडायला लागली की थांबा आणि कानस काढा. बोथट साखळीवर माणूस अंगाचा भार टाकतो, बार तापतो, क्लच जळतो. आणि काप अचानक संपला की तोच भार माणसाला मशीनसकट पुढं नेतो. मी धारेवर एवढं लिहितोय ते यासाठी.

प्रत्येक दाताच्या पुढं एक छोटा उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दात किती खोल चावेल ते तो ठरवतो. दात झिजत जातात तसा रेकरही चपट्या कानशीने थोडा उतरवावा लागतो, तीन-चारदा धार लावल्यावर एकदा. बहुतेक साखळ्यांना तो दातापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. हे मोजायची पट्टी, म्हणजे गेज, स्वस्तात मिळतो, नजरेच्या अंदाजाने हे करू नका. जास्त उतरवला तर साखळी लाकडात झेपावते आणि बार उसळायचा धोका वाढतो.

तेलाबद्दल माझं मत कडक आहे. गॅरेजमधलं जळकं ऑइल साखळीच्या टाकीत ओतायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ते करू नका. त्यात लोखंडाचा कीस असतो, तो ऑइल पंप खातो. शिवाय ते ऑइल दिवसभर तुमच्या हातावर आणि कपड्यांवर उडत राहतं, ते कातडीला घातक आहे. साखळीचं तेल चिकट असतं, म्हणूनच वेगात फिरताना ते टिकतं. तपासायला बारचं टोक ताज्या कापलेल्या पांढऱ्या लाकडाजवळ धरा, टेकवू नका, आणि अर्धा एक्सिलेटर द्या. थोड्या वेळात लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर बारचं छिद्र आणि खाच भुशाने बुजली आहे. रोज संध्याकाळी बार काढून खाच पातळ पट्टीने कोरून काढा आणि बसवताना बार उलटा करा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. काम संपलं की साखळी ढिली करून ठेवा. तापलेली साखळी ताणून बसवली तर गार होताना आवळते आणि शाफ्ट-बेअरिंगवर जोर येतो.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल चांगल्या प्रतीचं असेल तर बहुतेक कंपन्या ५०:१ सांगतात, म्हणजे लिटरला २० मिली. तुमच्या मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते पाळा, आणि मिश्रण टाकीत नाही, वेगळ्या कॅनमध्ये करा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसाला त्यातून भाव मिळतो ही चांगलीच गोष्ट आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि मशीन पडून राहिलं की कार्बुरेटरचा पडदा, रबरी नळ्या खराब होतात. काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एअर फिल्टर रोज झटका, प्लगचा गॅप ०.५ मिमी ठेवा. बाकी बिघाडाला उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, हात लावणारी माणसं मिळतात, पण कार्बुरेटरचे स्क्रू कुणालाही फिरवू देऊ नका.

आता धंद्याचं. इथं वर्षाचं काम सारखं नसतं. एप्रिल-मे मध्ये वळीव आला की एका संध्याकाळी शहरभर गुलमोहर मोडतात. त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. त्या आठवड्यात फोन थांबत नाही. पावसाळ्यात भिजलेलं रेनट्रीचं झाड फांद्यांच्या वजनानेच फाटतं. दिवाळीनंतर बांधावरच्या झाडांची कामं येतात, पण तेव्हा गडी ऊसतोडीला गेलेले असतात. पैसे कधी रोख, कधी अर्धे लाकडात. लाकूड वखारीत किंवा बेकरीला जातं. म्हणून भाव ठरवताना लाकूड कुणाचं हे तोंडी नाही, लिहून घ्या. वाद तिथंच होतात.

शहरात कामाला हात लावण्याआधी परवानगीचा कागद बघा. झाड गिऱ्हाइकाच्या कंपाउंडात असलं तरी महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. ५० वर्षांवरच्या झाडाला तर २०२१ पासून हेरिटेजचा दर्जा आहे. "साहेबांशी बोललोय" यावर मशीन चालू करू नका. तारा जवळ असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या, ओली फांदी करंट आणते. वर आग्या मोहोळ आहे का, जून ते सप्टेंबरमध्ये बगळ्यांची घरटी आहेत का, हे खालून नीट बघा. घरट्यांत पिल्लं असतील तर काम पुढं ढकला. गिऱ्हाईक चिडलं तरी चालेल. घरटी पाडणं हा गुन्हा आहेच, पण गुन्हा नसता तरी मी ते केलं नसतं.

जड फांदी तोडताना आधी खालून थोडा काप, मग जरा बाहेरच्या बाजूला वरून. नाहीतर फांदी पडताना साल बुंध्यापर्यंत सोलून नेते. उरलेला खुंट शेवटी फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर कापा, बुंध्याला सपाट नको. झाड ती जखम त्या कड्यातूनच भरून काढतं. बारच्या टोकाच्या वरच्या कोपऱ्याने कधीही कापू नका, तिथं लाकूड लागलं की बार थेट तोंडाकडे उसळतो.

तेव्हा माझा सल्ला असा. नवं मशीन लगेच घेऊ नका. आहे त्याच मशीनला दोन नवीन साखळ्या घ्या आणि एक हंगाम एखाद्या जुन्या टोळीबरोबर खाली काम करा, दोर धरा, फांद्या ओढा. आधी पैसे घालायचे ते जाळीचं हेल्मेट, कानाचे मफ आणि चेनसॉच्या पॅन्टवर. त्या पॅन्टच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे ओढले जाऊन स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चाक, जाम होतं आणि साखळी जागच्या जागी थांबते. ती पॅन्ट इथल्या दुकानात सहसा नसते, मागवावी लागते, आणि महाग वाटेल. तरीही मशीनच्या आधी तीच घ्या.