बीळ खणणारी गांधीलमाशी शिकारीहून परतल्यावर नेमकं आपलंच बीळ कसं ओळखते?

भोवतालच्या खुणा लक्षात ठेवून. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी नेदरलँड्समधल्या वाळूच्या माळावर मधमाश्या पकडणाऱ्या गांधीलमाशीवर केलेला प्रयोग मला अजूनही थक्क करतो. माशी बिळात असताना त्यांनी बिळाच्या तोंडाभोवती पाइनच्या शंकूंचं कडं मांडलं. बाहेर आल्यावर तिने वर घिरट्या घालून जागा न्याहाळली, मगच ती उडाली. तेवढ्यात कडं बाजूला सरकवलं. परतलेली माशी उघडं बीळ सोडून थेट रिकाम्या कड्याच्या मधोमध उतरली!

पुढे त्यांनी शंकूंचा त्रिकोण केला आणि शेजारी दगडांचं वर्तुळ मांडलं. माशी दगडांकडे गेली. म्हणजे ती वस्तू नाही, वस्तूंची मांडणी ध्यानात ठेवत होती. तीही त्या एका छोट्या घिरटीत!