आई मुलासमोर डॉक्टरांशी बोलत नाही, काय करू?

साठीतल्या आईला तुम्ही फोंड्याहून कायमची इंग्लंडमधल्या स्विंडनला नेलीत. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हल्ली तिच्या अंगावरून रक्त जातं. हे तिने गोव्यातल्या तुमच्या बहिणीला फोनवर सांगितलं आणि डॉक्टरांपुढे फक्त गुडघ्यांचं रडगाणं लावलं, कारण दुभाषी तुम्हीच होतात.

आधी तातडीचं सांगते. पाळी कायमची थांबल्यावर रक्ताचा डाग एकदाच दिसला तरी दाखवायला हवा. बहुतेक वेळा कारण साधं असतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ही पहिली खूण असू शकते आणि तो लवकर कळला तर बहुधा बरा होतो. इंग्लंडमध्ये 55 च्या पुढच्या बाईची अशी तक्रार असेल तर जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, तिला कर्करोगाच्या तातडीच्या तपासणीसाठी पाठवावं असा तिथला दंडक आहे. पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, उद्याच जीपीकडे फोन करा.

मी इथे गोव्यात आरोग्य केंद्रात नर्स होते. सत्तरी तालुक्यातल्या खेड्यांतून आलेल्या बायका मुलगा किंवा जावई बाहेर गेला, दार लागलं की मगच बोलायच्या. तुमची आई अडाणी म्हणून गप्प नाही. मुलाच्या तोंडून असलं बोलणं वदवून घ्यायचं हे तिला पटत नाही आणि मला त्यात तिचं काही चुकतंय असं वाटत नाही.

फोनवरच सांगा, बाई डॉक्टर हवी आणि दुभाषीही बाईच हवी. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाष्याचे पैसे पडत नाहीत. कोकणी नाही मिळाली तर मराठी मागा. शक्यतो फोनवरची दुभाषी घ्या. स्विंडनमध्ये गोंयकार पुष्कळ, ओळखीची कोणी समोर आली तर आई पुन्हा गुडघ्यांवर येईल. या तपासणीत सोनोग्राफी बहुधा योनीमार्गातून करतात, हे तिला आधी कळायला हवं. त्या वेळी सोबतीला आणखी एक बाई मागता येते.

जमल्यास त्याच भेटीत साखरही तपासून घ्या. आपल्या लोकांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 झाला की मधुमेहाचा धोका वाढलेला धरतात, 25 ची वाट पाहत नाहीत. साखरेची गोळी सुरू झालीच तर तयेचा (हरितालिकेचा), एकादशीचा उपवास ती करते हे नर्सला सांगा, काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर फार उतरते.

आणि बहिणीला आजच आईशी बोलायला सांगा. सोनोग्राफीचं बहिणीलाच समजावू दे, आणि तुम्ही या वेळी बाहेर बसणार आहात हेही.